आतड्यातले जिवाणू आणि हृदय: खरे किती, विकाऊ किती

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅस्पिरिन आणि बीपीची गोळी चालू आहे. ओळखीतल्या एकाने छातीठोकपणे सांगितले की हृदयविकाराचे मूळ पोटातल्या जिवाणूंत असते. शौचाची तपासणी करून घ्या, अहवालानुसार प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल, सुरू करा, मग बाकीच्या गोळ्या आपोआप सुटतील. यात तथ्य किती?

ही तीन वेगळी विधाने आहेत आणि तिन्हींना माझी उत्तरे वेगळी आहेत. पहिल्यात तथ्य आहे, फक्त 'मूळ' हा शब्द खोडून तिथे 'एक धागा' लिहावे लागेल. दुसरे म्हणजे आजच्या घडीला पैसे वाया घालवणे. तिसऱ्यावर विश्वास ठेवून गोळ्या बंद केलेले रुग्ण मी अतिदक्षता विभागात पाहिले आहेत, त्यामुळे त्याबद्दल मला सौम्य बोलता येत नाही.

पहिल्या विधानाकडे मात्र सावकाश बघू. मी शिकत होते तेव्हा आतड्यातले जिवाणू हा पोटाच्या डॉक्टरांचा प्रांत होता. हृदयाच्या वॉर्डात त्यांचे नाव निघे ते कुणाला जुलाब लागले तरच. गेल्या पंधरा वर्षांत हे चित्र पालटले.

आधी एक जुना आकडा मोडीत काढते. 'शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. २०१६ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हिशेब पुन्हा मांडला. ७० किलो वजनाच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरी. त्या सगळ्या जिवाणूंचे वजन जेमतेम २०० ग्रॅम, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

एवढ्याशा ऐवजाला महत्त्व आहे ते त्याच्या कामामुळे. आपल्या पाचकरसांना जे झेपत नाही ते खाली मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथे हे जिवाणू ते आंबवतात, तोडतात, त्याचे भलतेच काही बनवतात. ही रसायने आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतात, तिथून थेट यकृतात जातात आणि यकृताचा हात फिरला की सगळ्या शरीरात. म्हणजे आपल्या धमन्यांतून जे वाहते त्यातले काही आपण खाल्लेले नसते आणि आपल्या शरीरानेही बनवलेले नसते.

यातले सगळ्यात गाजलेले रसायन म्हणजे टीएमएओ. अंड्याच्या बलकात आणि मांसात कोलीन असते, लाल मांसात कार्निटिनही भरपूर असते. काही जिवाणू या दोन्हींचा तुकडा तोडून ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू बनवतात. शिळ्या मासळीला जो वास येतो तो याचाच. हा वायू यकृतात गेला की तिथले एक एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडते आणि तयार होते बिनवासाचे टीएमएओ. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की कोलीन जास्त दिलेल्या उंदरांच्या धमन्यांत चरबीचे थर वाढतात, पण अँटिबायोटिक देऊन जिवाणू दडपले तर तेच अन्न खाऊनही वाढत नाहीत.

उंदरांवरून माणसांबद्दल बोलायला मी नेहमीच कचरते, पण याच गटाने पुढे माणसेही तपासली. २०१३ मधला त्यांचा प्रयोग साधा आणि सुंदर होता. निरोगी स्वयंसेवकांना दोन उकडलेली अंडी खायला दिली. रक्तातले टीएमएओ काही तासांत वाढले. मग आठवडाभर अँटिबायोटिक देऊन पुन्हा तीच दोन अंडी दिली, तर टीएमएओ जवळजवळ बनलेच नाही. औषध थांबवून महिनाभराहून अधिक काळ गेल्यावर ते पुन्हा बनू लागले. त्याच वेळी त्यांनी अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४,००७ रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. ज्यांचे टीएमएओ सर्वांत वरच्या चौथाईत होते त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत खालच्या चौथाईच्या सुमारे अडीचपट निघाला.

याच मालिकेतली एक गोष्ट मला विशेष आवडते. पाच वर्षांहून अधिक काळ मांस, अंडी, दूध यांतले काहीच न खाणाऱ्या एका व्यक्तीला प्रयोगापुरते मांस खाण्यासाठी राजी करण्यात आले. तिच्या रक्तात टीएमएओ जवळपास वाढलेच नाही. नेहमी मांस खाणाऱ्यांनी तोच घास खाल्ला की वाढत होते. कार्निटिन खाणाऱ्या जिवाणूंना वर्षानुवर्षे रसद मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांची वस्तीच उरली नव्हती.

मग २०१६ मध्ये कळले की टीएमएओमुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, अधिक चिकट होतात. हे मला धमनीतल्या चरबीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो धमनीतला थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की, आणि गुठळीची सुरुवात प्लेटलेट करतात.

इथपर्यंत कथा फारच नीटनेटकी आहे, आणि अशी कथा दिसली की मी दोन पावले मागे सरकते. मासळीत टीएमएओ आयतेच असते. मासे खाल्ल्यावर रक्तातली पातळी अंडी किंवा मांस खाल्ल्यानंतरच्या पातळीपेक्षा कितीतरी जास्त वाढते, आणि तरीही नियमित मासे खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. दुसरी अडचण किडनीची. टीएमएओ लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे किडनी थकली की ते रक्तात साचते, आणि थकलेली किडनी हा स्वतःच हृदयविकाराचा मोठा धोका आहे. मग दोषी कोण, टीएमएओ की किडनी? जनुकांच्या आधारे कारण आणि परिणाम वेगळे काढायचे काही प्रयत्न झाले. त्यांतून असेही दिसले की मधुमेह आणि किडनीच्या विकारामुळे टीएमएओ वाढत असावे, उलटे नव्हे.

माझे मत विचाराल तर टीएमएओ हा धुरासारखा आहे. धूर दिसला तर कुठेतरी आग आहे हे खरे, धुराने डोळे चुरचुरतात हेही खरे, पण आग तोच आहे असे म्हणायला पुरावा अजून पुरेसा नाही. म्हणून अंड्याला घाबरायला मी कुणाला सांगत नाही. लाल मांसाबद्दल सांगते. २०१९ मध्ये ११३ जणांना महिना-महिनाभर वेगवेगळी प्रथिने खायला देऊन पाहिले. लाल मांसाच्या महिन्यात टीएमएओ सुमारे तिप्पट झाले. कोंबडी किंवा वनस्पतिज प्रथिनांच्या महिन्यात तसे झाले नाही. लाल मांस सोडल्यावर महिन्याभरात पातळी खाली आली. असे उलटवता येणारे काही असले की डॉक्टरला हायसे वाटते.

आता ज्या भागाबद्दल कमी बोलले जाते, पण माझ्या दृष्टीने ज्यात जास्त जीव आहे, तो म्हणजे चोथा, ज्याला हल्ली सगळे फायबर म्हणतात. आपल्याला तो पचत नाही म्हणून त्याला टाकाऊ समजायची सवय आहे. पण जिवाणूंचे खरे जेवण तेच. ते चोथा आंबवून तीन लहान आम्ले बनवतात: अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन. बाकी दोन रक्तात जातात आणि बीपीशी खेळतात.

कसे, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि किडनीत या आम्लांना ओळखणारे ग्राहक रेणू असतात. त्यातला एक चक्क नाकात वास ओळखणाऱ्या रेणूंच्या कुळातला आहे. किडनी वास घेते हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. २०१३ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसले की प्रोपियोनेट या वासाच्या ग्राहकामार्फत बीपी वाढवायला बघते आणि दुसऱ्या एका ग्राहकामार्फत उतरवायला; दुसऱ्याचे पारडे जड ठरते आणि एकूण बीपी खाली येते. २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जास्त बीपी असलेल्या माणसांचे आतड्यातले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले, तर त्या उंदरांचे बीपी वाढले.

माणसांवर थेट प्रयोग थोडे आहेत, पण आहेत. ऑस्ट्रेलियात २० जणांना, ज्यांचे बीपी जास्त होते पण गोळी सुरू नव्हती, मक्याचा एक खास स्टार्च तीन आठवडे दिला. हा स्टार्च मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर अ‍ॅसिटेट आणि ब्युटिरेट सोडतो. वरचे बीपी सुमारे सहा अंकांनी उतरले. बीपीच्या एखाद्या सौम्य गोळीने जेवढा फरक पडतो साधारण तेवढा. २० हा आकडा लहान आहे, आणि तो स्टार्च प्रयोगासाठी खास घडवलेला होता; पण दिशा स्पष्ट आहे.

मिठाचाही इथे संबंध लागतो. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते म्हणून बीपी वाढते, एवढेच आम्ही शिकलो होतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या गटाने दाखवले की जास्त मिठाने उंदरांच्या आतड्यातला लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार नाहीसा होतो आणि दाह वाढवणाऱ्या एका जातीच्या रोगप्रतिकारक पेशी वाढतात. मग १२ निरोगी पुरुषांना नेहमीच्या जेवणावर दिवसाला ६ ग्रॅम जादा मीठ १४ दिवस दिले, तेव्हा त्यांच्यातही तोच कल दिसला आणि बीपी वाढले.

आतड्याच्या भिंतीबद्दल थोडक्यात. ती एका पेशीच्या जाडीची आहे. चोथा मिळाला नाही तर जिवाणू तिच्यावरचा चिकट थर खायला लागतात. भिंत सैल झाली की काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद आचेचा दाह चालू राहतो. धमन्यांतला चरबीचा थर हा नुसता चरबीचा नसतो, दाहाचाही असतो, त्यामुळे हा झिरपा हृदयाच्या भाषेत महत्त्वाचा.

आणि ही वाट दुहेरी आहे. हृदय कमजोर झाले की पायांना सूज येते तशी आतड्याच्या भिंतीलाही येते. अशा रुग्णाला दोन घासांत पोट भरल्यासारखे होते, पोट फुगते, तो जेवण टाळतो. घरच्यांना वाटते अपचन आहे, आणि बऱ्याचदा दोन आठवडे पित्ताच्या गोळ्यांवर काढून तो आमच्याकडे येतो. सुजलेल्या भिंतीतून झिरपा वाढतो, दाह वाढतो आणि हृदय आणखी थकते. तुमच्या वडिलांना दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढून पोट जड वाटू लागले, तर ते पोटाचे दुखणे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

जिवाणू आमच्या औषधांशीही खेळतात. डिजॉक्सिन हे हृदयाचे फार जुने औषध. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीबद्दल लिहिले, त्या वनस्पतीच्या कुळातूनच ते आले. साधारण दहातल्या एका माणसात आतड्यातला एक जिवाणू, एगर्थेला लेंटा, या औषधाचा बराच भाग निकामी करून टाकतो. १९८१ मध्येच दाखवले गेले होते की अशा माणसाला अँटिबायोटिक दिले की रक्तातले डिजॉक्सिन अचानक वाढते, कारण ते खाणारा जिवाणूच मेलेला असतो. वॉरफरिनचेही असेच. काही जिवाणू के जीवनसत्त्व बनवतात, आणि वॉरफरिन त्याच जीवनसत्त्वाला अडवून रक्त पातळ ठेवते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत कृत्रिम झडप बसवलेल्या एका बाईंना दाताच्या दुखण्यासाठी दुसरीकडे अँटिबायोटिक दिले गेले. दहा दिवसांनी त्या हिरड्यांतून रक्त येते म्हणून आल्या. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, आठच्या वर होता; इतका वर तो कधीच नको. दोष माझाही होता. 'कुठलेही अँटिबायोटिक घेतलेत तर मला आधी सांगा' हे वाक्य मी त्यांना कधी बोललेच नव्हते. आता वॉरफरिनच्या प्रत्येक चिठ्ठीवर ते स्वतःच्या हाताने लिहिते.

मग कुणी विचारतो, वाईट जिवाणू अँटिबायोटिकने मारूनच का टाकू नयेत? करून पाहिले आहे. धमन्यांच्या विकारामागे एक जंतू असावा या कल्पनेतून ४,०१२ स्थिर हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन किंवा नुसती खोटी गोळी देण्यात आली. २००५ मध्ये निकाल आला: काहीच फायदा नाही. दुसऱ्या एका औषधावरच्या मोठ्या चाचणीचाही तोच निकाल. २००६ मध्ये डेन्मार्कमधल्या एका चाचणीत तर क्लॅरिथ्रोमायसिनचा दोन आठवड्यांचा कोर्स घेतलेल्यांत पुढे मृत्यू जास्त निघाले. कीटकनाशक फवारून बाग फुलत नाही.

आता शौचाची तपासणी. यंत्र खोटे बोलत नाही, जिवाणूंची नावे बरोबर येतात. प्रश्न असा की त्या नावांचे करायचे काय? 'नॉर्मल' म्हणजे काय यावर एकमत नाही, दोन निरोगी माणसांची यादी वेगळी असते, आणि आहार बदलला की एकाच माणसाची यादी काही दिवसांत हलते. त्यात औषधांचा गोंधळ. २०२१ मध्ये युरोपातल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसले की जिवाणूंतले जे फरक आपण आजाराच्या माथी मारत होतो, त्यातले बरेचसे रुग्ण घेत असलेल्या गोळ्यांमुळे होते. तुमच्या वडिलांच्या अहवालात 'असंतुलन' असे लाल अक्षरांत छापून येण्याची शक्यता भरपूर आहे. त्यावरून मी त्यांची एकही गोळी बदलणार नाही, आणि दुसऱ्या कुणी बदलू नये.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूल. २०१४ मध्ये ९ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, एकूण ५४३ माणसे. वरचे बीपी सरासरी साडेतीन अंकांनी कमी झाले. वाईट नाही, पण हा बीपीचा आकडा आहे, हार्ट अटॅक टळल्याचा नाही. तसा पुरावा कुठल्याही कॅप्सूलपाशी नाही. बहुतेकांना त्या निरुपद्रवी असतात. कृत्रिम झडप असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण क्वचित हे जिवाणू रक्तात शिरून झडपेवर बसल्याच्या नोंदी आहेत.

याच्या शेजारी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, ठेवून पाहा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३९ अंकांनी उतरले की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात. हा निष्कर्ष लाखाहून अधिक माणसांवरच्या चाचण्यांमधून आलेला आहे. आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करणे म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी व्हायला दार उघडे ठेवणे. स्टॅटिन जिवाणूंचे नुकसान करते म्हणावे, तर तेही दिसत नाही. २०२० च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात स्थूल लोकांपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांत दाहाशी जोडलेली जिवाणूंची घडण जवळपास ६ टक्क्यांत आढळली, न घेणाऱ्यांत सुमारे १८ टक्क्यांत.

जाता जाता तोंडाबद्दल, कारण जिवाणू तिथेही आहेत आणि हे कुणी सांगत नाही. पालेभाज्या आणि बीट यांतले नायट्रेट जिभेवरचे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात आणि शरीर त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनवते. २०१३ मध्ये १९ निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या केल्या, तर बीपी दोन ते साडेतीन अंकांनी वाढले. दातांच्या डॉक्टरांनी दिले असेल तेवढे दिवस जरूर वापरा, पण ते औषध रोजच्या ताजेपणासाठी नाही.

तर वडिलांनी करायचे काय? दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा हे लक्ष्य धरा. २०१९ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी होते आणि सर्वाधिक फायदा याच टप्प्यात दिसला. तो एकाच डब्यातून आणू नका. डाळी, कडधान्ये, अख्खी धान्ये, सालासकट फळे, भाज्या, दाणे. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे लागते. शिजवून गार केलेल्या बटाट्यात किंवा भातात स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो, तोही त्यांच्या कामाचा. ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा चोथा दिवसाला ३ ग्रॅम गेला तर एलडीएल थोडे उतरते. इसबगोलानेही उतरते, पण गंमत अशी की ते जिवाणू फारसे आंबवत नाहीत. ते पित्ताम्ले धरून बाहेर नेते आणि नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. म्हणजे इसबगोल चांगले, पण ते जिवाणूंचे जेवण नव्हे. घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबर आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब.

दही किंवा इतर आंबवलेले पदार्थ सोसत असतील तर रोज थोडे खायला हरकत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ३६ जणांवर दहा आठवडे केलेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. नुसता चोथा वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. तिथे बहुधा वेळच कमी पडला.

दोन सावधगिरी. किडनीचा अहवाल बिघडलेला असेल तर डाळी आणि फळे वाढवण्याआधी पोटॅशियमबद्दल विचारा. आणि पुढे कधी वॉरफरिन सुरू झाले तर पालेभाजी सोडायची नाही, फक्त रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे.

सुरुवात हळू करा, आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवत. पहिले दोन-तीन आठवडे वायू होईल, पोट गुडगुडेल, वडील तुमच्यावर वैतागतील. जिवाणू कामाला लागल्याचा तो आवाज आहे, थोड्या दिवसांत बसतो. पुढच्या भेटीत अहवालातले एलडीएल विचारून घ्या. स्टेंट असलेल्या माणसात आम्हाला ते ५५ च्या खाली हवे असते. तिथे नसेल तर आहारावर विसंबून थांबू नका, गोळीचा डोस वाढवायचा का ते त्याच भेटीत ठरवून घ्या.